पाणी कुठवर आलं होतं?

पालिकेच्या तिसऱ्या मजल्यावर रस्ते विभाग पुढच्या अंगाला होता आणि गटार विभाग मागच्या. रस्तेवाल्यांच्या खिडक्यांतून चौक दिसायचा, झाडं दिसायची. गटारवाल्यांच्या एकुलत्या एका खिडकीतून शेजारच्या इमारतीचे पाइप दिसायचे. रस्ता झाला की फीत कापायला माणसं येतात, फोटो निघतात. गटार झालं की त्यावर झाकण बसतं, आणि ते तुंबेपर्यंत कुणाला त्याची आठवण होत नाही.

त्या मागच्या विभागात ज्यांनी उभी नोकरी काढली, त्या उपअभियंत्यांना सगळे नालेसाहेब म्हणत. आधी पाठीमागे म्हणत, मग तोंडावर म्हणू लागले. पुढे पुढे तर कुणी खऱ्या नावानं हाक मारली तर ते क्षणभर इकडेतिकडे बघायचे, ही हाक नक्की कुणाला म्हणून. अंगानं किरकोळ, बोलायला कमी, आणि चालताना नजर कायम खाली. वाटेतलं प्रत्येक झाकण, प्रत्येक जाळी त्यांना ओळखीच्या माणसासारखी दिसायची. बायको म्हणायची, "तुमच्याबरोबर फिरायला जाणं म्हणजे हरवलेली अंगठी शोधत फिरणं."

ती बायको आता बरोबर नव्हती. मुलगी परदेशी, तिला जुळं झालं, आणि हिनं बॅग भरली. "सहा महिने. पोरांनी जरा मान धरली की आलेच," असं म्हणून गेली. पोरांनी मान धरली, मग ती रांगली, धावायला लागली, बालवाडीत जाऊ लागली. सहा महिन्यांची तीन वर्षं कधी झाली ते कुणी मोजलं नाही. जाताना तिनं स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्यावर चिठ्ठी चिकटवली होती. चिठ्ठ्या पिवळ्या पडल्या होत्या आणि निम्म्या डब्यांत आता काही नव्हतं, पण त्या काढायचा साहेबांना धीर होत नव्हता.

एकट्या माणसाचे प्रश्नही विचित्र असतात. भाजीवाला अर्धा कोबी कापून देत नाही. पुरा घेतला की चार दिवस तोच खायचा, पाचव्या दिवशी उरलेला टाकायचा आणि टाकताना चोरी केल्यासारखं वाटायचं. घरात चार खुर्च्या होत्या, त्यांतली एकच झिजत होती. संध्याकाळी बायकोचा फोन यायचा, चित्र दिसणारा. "जेवलात का?" "हो." "आज ऑफिसात काय?" "नेहमीचंच." मग ती फोन नातवंडांकडे फिरवायची. ती दोघं आजोबांना बघून एकदा हात हलवायची आणि पळून जायची. साहेबांना त्यांच्या पळणाऱ्या पाठी चांगल्या ओळखता यायच्या.

असं सगळं चाललेलं असताना टेकडीच्या रस्त्याचं काम निघालं.

शहर तिकडच्या अंगानं वाढत सुटलं होतं. उतारावर जिथं पूर्वी नुसतं गवत होतं, तिथं इमारती उठल्या, अंगणं सिमेंटची झाली, वाहनतळ झाले. जे पाणी मातीत मुरायचं ते आता सरळ खाली धाव घेऊ लागलं आणि खालच्या जुन्या वस्तीत शिरू लागलं. रस्ता रुंद करायचा हे नक्की होतंच. त्यात मोठ्या मॅडमनी ठरवलं की आधी पाण्याची वाट काढायची, मग डांबर टाकायचं. मोठ्या मॅडम म्हणजे शहराच्या मुख्य अभियंता. वयानं साहेबांच्या मुलीएवढ्या, पण कामाला चोख आणि बोलायला सरळ.

"संगणकावर उतार बसवलाय आपण," त्या म्हणाल्या. "पण प्रत्यक्ष घरांतून पडताळा हवा. कुठल्या घरात पाणी कुठवर आलं होतं, एवढंच विचारायचं. दहा-पंधरा घरं पुरेत."

नालेसाहेबांनी दहा-पंधरा घरं पहिल्या दोन दिवसांतच उरकली. पण ते थांबले नाहीत.

बरोबर पट्टी धरायला एक जुना माणूस असायचा. आकडे लिहिलेली लांब पट्टी भिंतीला लावून सरळ उभी धरणं हे त्याचं काम, म्हणून त्याचं नावही पट्टीवाला. घरी चार पोरं, म्हातारी आई, सदा घाईत. त्यानं तिसऱ्या दिवशीच विचारलं, "साहेब, ही मोजणी चाललीये की पाहुणचार?"

त्याचं चुकलं नव्हतं. साहेब दार वाजवायचे. आतून कपाळाला आठ्या घालून कुणीतरी यायचं. रस्त्याची माणसं म्हणजे भिंत पाडायला आलेली, हे लोकांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. पण साहेब फक्त विचारायचे, "तुमच्याकडे पाणी कुठवर आलं होतं?" की चेहरा बदलायचा. जणू एवढी वर्षं हा प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून ते घर थांबलं होतं. "या, या, आत या ना!" एका घरात नवरा-बायकोचं तिथल्या तिथं जुंपलं. तो म्हणे दुसऱ्या पायरीपर्यंत, ती म्हणे तिसऱ्या. "तुम्ही माळ्यावर बसला होतात, तुम्हाला काय दिसणार!" एका सायकलवाल्यानं, पोराची उंची दाखवावी तशी, भिंतीवरची रेघ दाखवली. कुणाचं कपाट तरंगलं होतं, कुणाची मांजर तीन दिवसांनी छपरावर सापडली होती. बोलता बोलता खुर्ची पुढे यायची, चहा यायचा. साहेब चहा हळूहळू प्यायचे. संपला की उठावं लागायचं.

अशाच एका बोळाच्या वळणावर रफूवाल्या बाई राहायच्या.

घर जुनं, दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत खिडकीला लागून टेबल आणि त्यावर दोऱ्यांचे ढीग. फाटलेलं कापड असं सांधायच्या की मालकालाच सांधा सापडू नये. वय साहेबांपेक्षा दहा-बारा वर्षांनी जास्त. मूलबाळ नव्हतं, नवरा जाऊन जमाना झाला होता. बोलताना सुईवरची नजर उचलायच्या नाहीत.

"पाणी? मागच्या दारानं आलं," त्या म्हणाल्या. "घरचं माणूस येतं तसं. स्वयंपाकघरातून शिरलं, हे टेबल ओलांडलं आणि पुढच्या दारानं चालतं झालं. दर वेळी हीच वाट. इथं ओढाच होता ना मूळचा. मी लहान असताना माझ्या बापानं भर टाकून बुजवला आणि वर घर बांधलं. ओढ्याला कुणी सांगितलंय, तू बुजलास म्हणून?"

साहेब हसले. पट्टीवाल्यानं स्वयंपाकघरात पट्टी लावली, आकडा लिहून झाला. काम तिथं संपलं. पण निघताना बाईंनी त्यांच्या कोटाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "कोपर उसवलंय. काढून ठेवा. गुरुवारी न्या."

कोट न्यायला गेले तेव्हा साहेबांनी स्वेटर नेला. स्वेटर न्यायला गेले तेव्हा चादर. चादरीनंतर घरात फाटकं काही उरलं नाही. तेव्हा त्यांनी एक चांगला धड शर्ट घेतला आणि बाहीला ब्लेड मारलं.

बाईंनी बाही उजेडात धरली. चष्मा कपाळावर चढवला. मग इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. "भाऊ, जन्म गेला माझा ह्यात. फाटलेलं कुठलं आणि कापलेलं कुठलं, हे मला कळणार नाही होय? यायचं तर तसेच या की. शर्टाचा काय गुन्हा?"

साहेब कानापर्यंत लाल झाले. पण 'भाऊ' हा शब्द ते वाटभर मनात घोळवत घरी गेले.

त्यानंतर ते तसेच जाऊ लागले. ऑफिसातून सुटलं की वाट वाकडी करून बोळात शिरायचं, खिडकीपाशी स्टुलावर बसायचं. बाई शिवत राहायच्या, साहेब बोलत राहायचे. एवढं बोलणं आपल्यात साठलेलं होतं हे त्यांचं त्यांनाच नवल वाटायचं. एकदा बायकोचा विषय निघाला.

"तुम्ही तिला ये म्हणालात का कधी?" बाईंनी विचारलं.

"तिला कळतं की."

"काय कळतं? ती विचारते जेवलात का, तुम्ही म्हणता हो. तिकडून बघणाऱ्याला वाटणार, ह्या माणसाचं सगळं छान चाललंय. तोंड उघडून सांगा, भाऊ. गटारं उपसता शहराची, स्वतःचा गळा तेवढा तुंबलेला."

त्या संध्याकाळी फोन आला. "जेवलात का?" साहेब म्हणाले, "हो." मग म्हणाले, "तू ये ना आता. मला एकट्याला करमत नाही इथं."

बायको म्हणाली, "बरं वाटत नाहीये का तुम्हाला?"

"तब्येत बरी आहे. करमत नाही, एवढंच."

"आज काय हे एकदम..." तिचा आवाज जरा हलला. तेवढ्यात मागे एक नातवंड पडलं, रडारड झाली. "थांबा हं," म्हणून ती फोन तसाच टेबलावर ठेवून पळाली. साहेबांना मुलीच्या घराचं छत दिसत राहिलं. पांढरं छत, एक दिवा आणि लांबून येणारे तिघाचौघांचे आवाज. त्यांनी फोन बंद केला नाही. बऱ्याच वेळानं मुलीचा हात आला, "अय्या, बाबा अजून आहात?" असं काहीतरी ऐकू आलं आणि छत गेलं. दुसऱ्या दिवशी बायको म्हणाली, "पोरांचं शाळेचं एकदा मार्गी लागलं की बघते मी." त्यांनी बरं म्हटलं.

हे सगळं बाईंना सांगायचं होतं. पण नेमका त्याच आठवड्यात नाल्याच्या आखणीचा नकाशा टेबलावर आला.

वाटा तीनच होत्या. पहिली रस्त्याच्या कडेनं सरळ. पण तिकडे जमीन चढती होती, पाणी काही चढणार नव्हतं. दुसरी शाळेच्या मागून; तिथं दाटीनं बसलेली घरंच्या घरं उठवावी लागणार होती. तिसरी वाट खोलगट भागातून, बोळाच्या वळणावरून, जिथून पाणी आपणहून जातच होतं. तिच्यात काही कुंपणं जात होती, एक पत्र्याची शेड जात होती, आणि एक घर.

मॅडमनी संगणकावरचा उतार आणि साहेबांचे आकडे शेजारी शेजारी ठेवले. दोन्ही जुळत होते. "तुम्ही एवढी घरं हिंडलात म्हणून शंकेला जागाच उरली नाही," त्या मनापासून म्हणाल्या. "विशेषतः ह्या वळणावरच्या घरात पाण्याची वाट फार स्वच्छ मिळालीये."

साहेबांनी सही केली. न करून चालण्यासारखं काही नव्हतं. शाळेमागची माणसं उठवा असं ते कुठल्या तोंडानं म्हणणार होते? हिशेब बरोबर होता.

नोटीस निघायला अजून अवकाश होता. तेवढ्यात आपण स्वतः जाऊन सांगावं, असं ठरवून ते एके दिवशी बोळात गेले. बाईंनी स्टूल पुढे सरकवलं. "कुठं होता इतके दिवस? म्हटलं, बायको आली की काय." साहेब बसले. ओठांवर शब्द आणले, परत गिळले. बाई कुणाच्या तरी लेकीचा झगा सांधत होत्या आणि तिच्या खोड्या सांगत होत्या. दिवा लावायची वेळ झाली तेव्हा साहेब उठले. "येतो," म्हणाले. चेहरा पाहून बाईंनी विचारलंही, "काही सांगायचं होतं का?" ते म्हणाले, "नाही, नेहमीचंच."

नोटीस पोस्टमननं दिली.

हरकतींची सुनावणी पालिकेच्या मोठ्या दालनात झाली. मॅडम मधोमध, शेजारी नालेसाहेब, समोर लोकांच्या रांगा. बोळातली सगळी माणसं आली होती. ती हरकत घ्यायला नव्हती आली, नाला लवकर करा म्हणायला आली होती. सायकलवाला तर दोनदा उठून बोलला. साऱ्या दालनात हरकत घेणारं माणूस एकच होतं. रफूवाल्या बाई उभ्या राहिल्या तेव्हा शेजारपाजारच्यांनी माना खाली घातल्या, पण त्यांच्या बाजूनं कुणी उठलं नाही.

"मला नकाशातलं कळत नाही," बाई मॅडमना म्हणाल्या. "मी ह्या साहेबांना विचारते." आणि त्या साहेबांकडे वळल्या. "साहेब, तुम्ही माझ्याकडे आलात, पाणी कुठून येतं विचारलंत. मी खरं ते सांगितलं. स्वयंपाकघरातून येतं म्हटलं, तर तुम्ही नालाच स्वयंपाकघरातून नेलात?"

भाऊ नाही, साहेब.

"खोटं सांगायला हवं होतं मी," बाई म्हणाल्या.

"खोटं सांगितलं असतंत तरी उतार..." साहेब बोलून गेले आणि तिथंच थांबले. बोलणं खरं होतं, पण त्या क्षणी त्याच्याइतकं निर्दय दुसरं काही नव्हतं.

"उताराचं नाही म्हणत मी. शेवटचे आलात तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं ना?"

साहेबांनी होय म्हणून मान हलवली. सगळ्यांदेखत हलवली. बाई खाली बसल्या. पुढे मॅडमनी दुसऱ्या दोन्ही वाटा समजावून सांगितल्या, मोबदला सांगितला, नव्या वसाहतीत चौथ्या मजल्यावर फ्लॅट मिळेल, लिफ्ट आहे, हेही सांगितलं. बाई शांतपणे ऐकत राहिल्या.

घर पाडलं त्या दिवशी साहेबांनी रजा टाकली होती. दिवसभर ते घरात बसले. पट्टीवाल्यानं दुसऱ्या दिवशी सांगितलं की भिंतींखाली ओढ्याचे गोटे निघाले, गुळगुळीत, ढीगभर.

पुढच्या पावसाळ्यात नाला कामाला लागला. एका दुपारी आभाळ फाटल्यासारखं कोसळलं. टेकडीवरून लालभडक लोंढा आला, वळणावर नाल्यात शिरला आणि मुकाट्यानं नदीकडे निघून गेला. बोळ कोरडा राहिला. साहेब छत्री घेऊन काठावर उभे होते. सायकलवाला धावत आला, त्यांचा हात हातात घेऊन हलवू लागला. तो नवरा-बायकोचा जोडा आता एकमतानं म्हणत होता की पहिली पायरीसुद्धा भिजली नाही. चहा आला. साहेबांनी कप हातात घेतला आणि तो गार होईपर्यंत तसाच धरून ठेवला.

पाऊस ओसरल्यावर एका रविवारी ते नव्या वसाहतीत गेले. दोन बस बदलाव्या लागल्या. सगळ्या इमारती एकसारख्या, चुकत चुकत चौथा मजला गाठला. बेल वाजवताना हात रिकामे होते. काय न्यावं हे सुचलंच नव्हतं.

बाईंनी दार उघडलं. ओळख पटायला वेळ लागला नाही, पण बाजूला सरायला लागला.

"बसा," त्या म्हणाल्या.

टेबल खिडकीला लावलेलं होतं. त्यावर दोऱ्यांचे ढीग होते, पण कापड फारसं नव्हतं. एवढ्या लांब फाटकं कोण आणणार? खिडकीतून दुसऱ्या इमारतीच्या खिडक्या दिसत होत्या. बाईंनी पाणी आणून दिलं आणि समोर बसल्या. सुई हातात घेतली नाही. त्यामुळे दोघांनाही कुठं बघावं कळेना.

"मी सांगायला आलो होतो त्या दिवशी," साहेब म्हणाले. "तोंडातून निघालं नाही."

"कळलं होतं मला. म्हणून तर विचारलं, काही सांगायचंय का. आधी कळलं असतं तर काही वाचलं नसतं. पण आपल्या माणसाकडून कळलं, एवढं तरी झालं असतं."

खाली कुणीतरी गाडी सुरू करत होतं, ती होत नव्हती. ते ऐकत दोघं बसून राहिली.

मग बाईंनीच विचारलं, "यंदा फार पडला म्हणे. कसं गेलं पाणी?"

"भरून गेलं. काठाला हातभर कमी."

"माझ्या घरातून?"

"हो."

"जोरात?"

"जोरात. पण अडखळलं नाही कुठं."

बाईंनी मान डोलावली. म्हणाल्या, "बापाला आवडलं नसतं," आणि उठून त्यांनी पेला आत नेला. साहेब निघाले तेव्हा दारापर्यंत आल्या. "लिफ्ट मधेच थांबते. जिन्यानं जा," एवढं म्हणाल्या. त्यानंतरही साहेब महिन्या-दोन महिन्यांनी जात राहिले. दार दर वेळी उघडलं, पाणी दर वेळी मिळालं. भाऊ मात्र त्या परत कधी म्हणाल्या नाहीत.

बायको वर्षाच्या शेवटी आली. महिनाभर राहिली, डबे घासले, जुन्या चिठ्ठ्या खरवडून काढल्या, त्यांच्याबरोबर संध्याकाळी फिरायलाही गेली. "वाळलात," म्हणाली. मग तिकडे मुलीची नवी नोकरी सुरू झाली आणि ती पुन्हा गेली. ह्या खेपेला किती दिवसांसाठी हे तिनं सांगितलं नाही आणि साहेबांनी विचारलं नाही.

शहर आता दुसऱ्या अंगानं वाढायला लागलं होतं. तिकडेही रस्ता रुंद व्हायचा होता, तिकडेही पाण्याची वाट काढायची होती. मॅडमनी साहेबांनाच पाठवलं. पट्टीवाला पट्टी खांद्यावर टाकून बरोबर निघाला.

साहेबांनी पहिलं दार वाजवलं. एक गृहस्थ बाहेर आले. साहेब म्हणाले, "आम्ही पालिकेतून आलोय. नाल्याची आखणी करायची आहे. तुम्ही जे सांगाल त्यावरून नाला तुमच्या घरातूनसुद्धा जाऊ शकतो, हे आधी सांगतो. तुमच्याकडे पाणी कुठवर आलं होतं?"

गृहस्थांनी दार अर्धं लावून घेतलं. "आमच्याकडे पाणी येतच नाही."

त्यांच्या खांद्यामागे, आतल्या भिंतीवर, कमरेएवढ्या उंचीवर ओलीची तपकिरी रेघ कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत स्पष्ट दिसत होती.

"बरं," साहेब म्हणाले.

पुढच्या घरी तेच झालं. त्याच्या पुढच्याही. पट्टीवाल्याला राहवेना. "अहो साहेब, आधीच कशाला सांगता? असं सांगितल्यावर कोण आत घेणार? घोटभर चहा मिळायचा तोही गेला!"

"जाऊ दे," साहेब म्हणाले. त्यांनी छत्री ह्या हातातून त्या हातात घेतली, पुढच्या घराच्या दोन पायऱ्या चढल्या आणि दार वाजवलं.